बॅट घट्ट धरल्याने चेंडू लांब जातो का? बेसबॉलच्या स्विंगचे भौतिकशास्त्र

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते क्रिकेट खेळत मोठे झाले, आता न्यू जर्सीत स्थायिक आहेत आणि त्यांचा बारा वर्षांचा मुलगा लिटल लीगमध्ये बेसबॉल खेळतो. चेंडू लागताना मूठ घट्ट आवळ आणि मनगटे जोरात फिरव, असे ते मुलाला सांगतात. कोच सांगतात की हात विसर आणि कंबर फिरव. त्यात आता नवी बॅट घ्यायची आहे आणि दुकानदाराच्या मते जड बॅटने चेंडू हमखास लांब जातो. भौतिकशास्त्र या तिघांपैकी कोणाच्या बाजूने आहे?

बॅटची चाचणी घेणे हे बरीच वर्षे माझे काम आहे, त्यामुळे निकाल आधी सांगतो आणि कारणे नंतर देतो. भौतिकशास्त्र कोचच्या बाजूने आहे, पण कोच सहसा देतात त्याहून वेगळ्या कारणासाठी. चेंडू बॅटला लागतो त्या क्षणी हातांना करण्यासारखे काही उरलेलेच नसते. बॅटला जो वेग आणि जी दिशा द्यायची ती त्याआधी देऊन झालेली असते, आणि टक्कर होताना बॅट जणू कोणी धरलेलीच नाही अशी वागते. हे एकदा पटले की मूठ, मनगट आणि बॅटचे वजन या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यातूनच निघतात.

आधी टक्कर पाहू. बेसबॉलचा चेंडू साधारण 145 ग्रॅमचा असतो. ताशी 90 मैलांच्या आसपास फेकलेला चेंडू हवेच्या विरोधामुळे थोडा मंदावून प्लेटपाशी, म्हणजे फलंदाज उभा असतो तिथे, ताशी सुमारे 85 मैलांनी पोहोचतो, आणि चांगला बसला तर ताशी 100 मैलांहून अधिक वेगाने उलट दिशेने निघतो. म्हणजे त्याच्या वेगात ताशी 185 मैलांच्या आसपास, सेकंदाला सुमारे 83 मीटर, इतका बदल होतो, आणि हा सारा बदल एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात, साधारण 0.7 मिलिसेकंदात, घडतो. संवेगातील बदलाला या वेळेने भागले की सरासरी बल पावणेदोन टनांच्या जवळ येते, आणि ऐन दाबाच्या क्षणी ते त्याच्या जवळपास दुप्पट असते. चेंडू अशा वेळी चपटा होतो, हे वेगवान कॅमेऱ्याच्या चित्रणात स्पष्ट दिसते. इतक्या बलापुढे मुठीची पकड, ती कितीही मजबूत असली तरी, हिशेबात धरण्याजोगी नसते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. चेंडू बॅटच्या जाड भागावर आदळतो तेव्हा त्या धक्क्याची लहर लाकडातून मुठीकडे निघते. ती मुठीपर्यंत जाऊन, तिथे हात आहे की नाही याची ‘खबर’ घेऊन परत स्पर्शबिंदूपाशी येईपर्यंत चेंडू बॅट सोडून गेलेला असतो. मूठ शिकंज्यात आवळून ठेवलेली बॅट आणि मोकळी ठेवलेली बॅट यांच्यावर एकाच वेगाने चेंडू सोडले तर उसळून येणारा वेग जवळपास सारखाच मिळतो, तो यामुळेच. मैदानावरचा पुरावा हवा असेल तर 2012 च्या मोसमात सिनसिनाटी रेड्सच्या टॉड फ्रेझरने जेमी मॉयरच्या चेंडूवर मारलेला होमरन पाहावा. चेंडू लागण्याआधीच बॅट त्याच्या हातांतून सुटली होती, तरी चेंडू कुंपणापलीकडे गेला. इलिनॉय विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन नेथन यांनी त्या चित्रणाचे विश्लेषण केले होते, आणि वर्गात हा विषय शिकवताना त्याहून सोपे उदाहरण मला अजून सापडलेले नाही.

इथे क्रिकेट खेळलेला माणूस हमखास आक्षेप घेतो: हात सैल ठेवून चेंडू पायाशीच थांबवता येतो, हा तर आमचा रोजचा अनुभव आहे. अनुभव खरा आहे, पण त्याचे श्रेय पकडीला नसून बॅटच्या वेगाला आहे. सैल हातांनी खेळणारा फलंदाज चेंडू लागण्याच्या आधीपासूनच बॅट थांबवत किंवा किंचित मागे नेत असतो. बेसबॉलमध्ये बंट करताना, म्हणजे चेंडू मुद्दाम हळूच जवळ टाकताना, हेच केले जाते.

मग मूठ आवळायची तरी कशासाठी? फिरणारी बॅट हातातून निसटू नये यासाठी. स्विंगच्या अखेरीस बॅटचा कोनीय वेग सेकंदाला 40 रेडियनच्या, म्हणजे सहा फेऱ्यांच्या, पुढे जातो. सुमारे 900 ग्रॅमच्या बॅटचा गुरुत्वमध्य फिरण्याच्या केंद्रापासून साधारण 60 सेंटिमीटरवर धरला, तर तिला वर्तुळाकार मार्गावर ठेवायला 90 ते 100 किलो वजनाइतकी ओढ लागते. ही ओढ हात आपोआप पुरवतात, त्यासाठी मुलाला आठवण करून द्यावी लागत नाही. उलट स्विंग सुरू होण्याआधीच मूठ आवळून ठेवली तर मनगटे आणि कोपरांपर्यंतचे स्नायू ताठतात आणि बॅटचा वेग घटतो.

आता वेगाकडे वळू. बॅट आणि चेंडूच्या टक्करीचा सारा हिशेब एका छोट्या सूत्रात बसतो: निघणाऱ्या चेंडूचा वेग म्हणजे येणाऱ्या चेंडूच्या वेगाचा साधारण 0.2 पट, अधिक बॅटच्या वेगाच्या 1.2 पट. हे आकडे लाकडी बॅटच्या उत्तम जागी लागलेल्या चेंडूसाठी आहेत. चेंडू ताशी 85 मैलांनी आला आणि बॅटचा त्या जागीचा वेग ताशी 70 मैल असला, तर 17 आणि 84 मिळून 101 मैल, म्हणजे ताशी 160 किलोमीटरहून थोडा जास्त. गोलंदाजाचा, बेसबॉलच्या भाषेत पिचरचा, वेग एक मैलाने वाढला तर फलंदाजाला 0.2 मैल मिळतात; स्वतःच्या बॅटचा वेग एक मैलाने वाढवला तर त्याच्या सहापट. ‘त्याच्याच वेगाचा उपयोग करून घे’ हा सल्ला बॅट किंचित वळवून चेंडू मागे सोडण्याच्या क्रिकेटमधल्या फटक्यांना लागू पडतो, बेसबॉलमध्ये तो फारसा कामाचा नाही.

ताशी 70 मैल हा आकडा मी हवेतून आणलेला नाही. मेजर लीगची, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल लीगची, स्टॅटकास्ट ही मोजमापाची यंत्रणा 2015 पासून मैदानांवर काम करते आणि 2024 पासून बॅटचा वेगही सर्वांसाठी जाहीर होतो. बॅटच्या टोकापासून सुमारे सहा इंचांवर मोजलेला हा वेग सरासरीने ताशी 72 मैलांच्या आसपास असतो, 75 च्या वरचा स्विंग वेगवान मानतात, आणि जियानकार्लो स्टँटनसारख्या फलंदाजाची सरासरी 80 च्या पुढे जाते.

हा वेग येतो कुठून, याचे उत्तर ऊर्जेच्या हिशेबात मिळते. वर सांगितलेल्या बॅटची गतिज ऊर्जा सव्वातीनशे ज्यूलच्या जवळ असते आणि ती साधारण 0.15 सेकंदात द्यावी लागते. म्हणजे दोन किलोवॉटहून अधिक, जवळजवळ तीन अश्वशक्ती. आणि यात स्वतःचे हात आणि धड फिरवायला लागणारी ऊर्जा धरलेलीच नाही. दंडातील आणि मनगटातील स्नायूंची ही ताकद नाही. हे काम मांड्या, नितंब आणि पाठीचे मोठे स्नायूच करू शकतात, म्हणून कोच कंबरेविषयी बोलतात. पुढचा पाय जमिनीवर टेकतो, कंबर फिरू लागते, ती मंदावू लागेपर्यंत खांदे तिच्या पुढे जातात, खांद्यांनंतर हात आणि सर्वांत शेवटी बॅट. प्रत्येक टप्प्यात आधीचा जड भाग मंदावतो आणि त्याची ऊर्जा पुढच्या हलक्या भागाकडे जाते. हा क्रम बिघडला, उदाहरणार्थ हात कंबरेच्या आधी सुटले, तर स्विंग दिसायला जोरदार दिसतो पण बॅटचा वेग कमी भरतो.

शेवटच्या टप्प्यात, म्हणजे हातांपासून बॅटपर्यंत, जे घडते ते गोफणीत घडते तसेच आहे: हाताचे वर्तुळ लहान असते, पण हात योग्य क्षणी मंदावून आत वळला की दूरचे टोक सुसाट सुटते. स्विंग सुरू होताना बॅट हातांच्या मागे दुमडलेली असते. मुठी वळणदार मार्गाने शरीराभोवती फिरू लागल्या की त्यांची ओढ बॅटच्या लांबीच्या दिशेने लागते, आणि बॅटचा गुरुत्वमध्य त्या ओढीच्या रेषेत येऊ पाहत असल्यामुळे बॅट आपोआप बाहेर उघडते. या काळात मुठींचा वेग कमी होत जातो आणि बॅटच्या टोकाचा वाढत जातो. मनगटांनी मुद्दाम जोर लावण्याची कल्पना इथे फसते, कारण अखेरच्या काही मिलिसेकंदांत बॅट इतक्या झपाट्याने फिरत असते की मनगटे तिला पुढे ढकलण्याऐवजी तिच्यामागे फरपटत जातात. मनगटे एकमेकांवरून वळलेली छायाचित्रात दिसतात खरी, पण ते छायाचित्र बहुतेक वेळा चेंडू निघून गेल्यानंतरचे असते. आधीच्या टप्प्यात, बॅट दुमडलेली राखण्यात, मनगटांचे काम मोठे आहे. मुलाला सांगायचेच असेल तर बॅट लवकर उघडू नकोस, एवढे सांगावे.

वेग मिळाला तरी तो वेळेवर पोहोचायला हवा, आणि माझ्या मते या खेळातील खरी अवघड बाब हीच आहे. पिचरची पट्टी प्लेटपासून 60 फूट 6 इंचांवर असते, पण तो पाऊल पुढे टाकून फेकतो, त्यामुळे चेंडू हातातून सुटतो तेव्हा अंतर 55 फुटांच्या आसपास उरते. ताशी 90 ते 95 मैलांचा चेंडू ते अंतर 0.4 सेकंदाच्या जवळपास कापतो. त्यातला 0.15 सेकंद स्विंगलाच लागतो. उरलेल्या पाव सेकंदात चेंडू पाहायचा, ओळखायचा, मारायचा की सोडायचा हे ठरवायचे आणि स्नायूंना आज्ञा पोहोचवायची. बारा वर्षांच्या मुलांचे प्रकरण यापेक्षा फार सोपे नसते: लिटल लीगमध्ये अंतर 46 फूट आहे, त्यामुळे ताशी 60 मैलांचा चेंडूही अर्ध्या सेकंदाच्या आत येतो.

वेळ चुकली तर किती महागात पडते तेही पाहू. बॅट एका मिलिसेकंदात साधारण अडीच अंश फिरते. पाच मिलिसेकंद उशीर झाला तर बॅट हव्या त्या स्थितीपेक्षा बारा-साडेबारा अंश मागे असते, आणि चेंडू बॅटवरून उसळत असल्यामुळे त्याची दिशा त्याहून बरीच जास्त, ढोबळ मानाने 20 ते 25 अंश, बदलते. मैदानाची वैध बाजू मध्यापासून दोन्हीकडे 45-45 अंशच आहे. म्हणजे मध्यावर मारायच्या बेताने केलेला स्विंग आठ-दहा मिलिसेकंद इकडेतिकडे झाला की चेंडू फाऊल. क्रिकेटमध्ये चेंडू मागे गेला तरी धाव मिळते. इथे मिळतो तो स्ट्राइक, म्हणजे फलंदाजाच्या नावावर एक चूक.

त्यात बॅट गोल, चेंडू गोल. क्रिकेटची बॅट चपटी असल्यामुळे चेंडू थोडा वरखाली लागला तरी दिशा फारशी बदलत नाही. बेसबॉलची बॅट जास्तीत जास्त 2.61 इंच व्यासाची असते आणि चेंडूचा व्यास तीन इंचांहून थोडा कमी. चेंडूचा मध्य बॅटच्या मध्यरेषेपेक्षा अर्धा इंच वर असेल तर स्पर्शबिंदूवरचा लंब साडेदहा अंशांनी वर वळतो, एक इंच वर असेल तर 21 अंशांनी. अर्ध्या इंचाच्या या फरकाने सरळ रेषेतला फटका आणि उंच उडालेला झेल वेगळे होतात. साविकी, हबर्ड आणि स्ट्राँज या अभियंत्यांनी 2003 मध्ये केलेल्या गणिताप्रमाणे सर्वाधिक अंतरासाठी बॅट चेंडूच्या मध्याखाली सुमारे 2.65 सेंटिमीटर लागावी आणि साधारण नऊ अंश वर जात असावी. खाली लागल्याने चेंडूला उलटी फिरकी मिळते, त्या फिरकीमुळे हवा त्याला वर उचलून धरते आणि तो जास्त काळ तरंगतो.

बॅट वर जाणारी असावी यामागे आणखी एक साधे कारण आहे. वेगवान चेंडूसुद्धा प्लेटपाशी पाच-सहा अंशांनी खाली येत असतो, वळणारा कर्व्हबॉल त्याहून जास्त. बॅट त्याच रेषेत उलट दिशेने वर चढत असेल तर दोघांचे मार्ग बराच वेळ एकमेकांवर राहतात आणि काही मिलिसेकंदांची चूक पोटात घातली जाते. वरून खाली कुऱ्हाडीसारखी मारायची शिकवण अनेक वर्षे मुलांना दिली गेली. जुन्या पिढीतले थोर फलंदाज टेड विल्यम्स त्या काळातही किंचित वर जाणाऱ्या स्विंगचा पुरस्कार करत होते, आणि आजची मोजमापे त्यांच्याच बाजूने आहेत.

आता बॅटवर चेंडू कुठे लागावा हा मुद्दा. बॅट ही लवचीक काठी आहे; चेंडू आदळला की ती वाकते आणि थरथरते. लाकडी बॅटचे पहिले कंपन सेकंदाला सुमारे 170 वेळा होते आणि दुसरे 550 च्या आसपास. पहिल्या कंपनाचा स्थिर बिंदू टोकापासून साडेसहा इंचांच्या जवळ असतो, दुसऱ्याचा पाच इंचांच्या जवळ. या दोहोंच्या दरम्यान चेंडू लागला तर कंपनांत ऊर्जा जवळजवळ वाया जात नाही आणि हातांना झिणझिण्याही येत नाहीत; यालाच स्वीट स्पॉट म्हणतात. तो घरी शोधता येतो. बॅटची मूठ गोल गाठीच्या खाली दोन बोटांत सैल धरून तिला लोंबकळू द्यावे आणि जाड भागावर टोकाकडून वर सरकत एकेक इंचावर दुसऱ्या हाताने जुन्या चेंडूने टकटक करावे. टोकाशी बोटांना स्पष्ट गुणगुण जाणवते. पाच ते सात इंचांच्या पट्ट्यात ती अचानक विरते आणि आवाज कोरडा, नेमका होतो. त्यापुढे मुठीकडे सरकले की ती पुन्हा सुरू होते. मुलाकडून हे एकदा करून घ्यावे. त्या पट्ट्यावर खडूने खूण केली तर सरावात चेंडू कुठे लागतो हे त्याला स्वतःलाच दिसेल.

दुकानदाराच्या दाव्याचे काय? जड बॅट त्याच वेगाने फिरवता आली तर चेंडू नक्कीच जास्त वेगाने निघेल. ती त्या वेगाने फिरवता येत नाही, ही अडचण आहे. तराजूवरचे वजनही इथे पुरेसे नाही, कारण ते वजन मुठीपासून किती दूर आहे यावर बॅट फिरवायला किती जड हे ठरते. भौतिकशास्त्रात याला मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणतात, बॅटच्या व्यवसायात स्विंग वेट. चाचण्यांतून दिसते ते असे की स्विंग वेट 10 टक्क्यांनी वाढले तर बॅटचा वेग अडीच ते तीन टक्क्यांनी घटतो. जड बॅटचा टक्करीतला फायदा आणि हा तोटा यांची बेरीज-वजाबाकी वरच्या सूत्रात केली तर निघणाऱ्या चेंडूच्या वेगात ताशी एक मैलाचाही फरक पडत नाही. हलक्या बॅटला मात्र स्विंग उशिरा सुरू करता येतो, आणि ते काही मिलिसेकंद चेंडू ओळखायला मिळतात. म्हणून दोन बॅटमध्ये शंका असेल तेव्हा मी नेहमी कमी स्विंग वेटची बॅट सुचवतो. जुन्या काळचा विख्यात फलंदाज बेब रूथ 40 औंसांहून जड बॅट वापरत असे. आजचे व्यावसायिक खेळाडू बहुधा 31 ते 33 औंसांवर थांबतात.

बॅट पोखरून आत बुचाचे लाकूड भरण्याची जुनी लबाडीही याच हिशेबात बसते. 2003 च्या जूनमध्ये मेजर लीगमधला फलंदाज सॅमी सोसा याची बॅट मैदानावर फुटली आणि आतले बूच बाहेर दिसले. अशी बॅट हलकी होते, वेग किंचित वाढतो, पण टोकाकडचे वस्तुमान गेल्यामुळे टक्कर तितकीच मंद होते. बुचाला स्प्रिंगसारखा काही गुण नाही. नेथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रयोगाने दाखवले आहे. 2025 मध्ये गाजलेली ‘टॉर्पेडो’ बॅट, जिची कल्पना पूर्वी भौतिकशास्त्रज्ञ असलेल्या अ‍ॅरन लीनहार्ट यांच्याशी जोडली जाते, ती मात्र नियमात बसणारी आहे. तिच्यात लाकूड टोकाकडून काढून, फलंदाजाचा चेंडू प्रत्यक्षात जिथे जास्त वेळा लागतो तिथे आणलेले असते. तिच्याने चेंडूचा कमाल वेग वाढत नाही. मुठीकडे लागणाऱ्या चेंडूंची नुकसानी कमी होते आणि स्विंग वेट थोडे उतरते. बारा वर्षांच्या मुलाचा चेंडू बॅटवर सगळीकडेच लागत असतो, त्यामुळे त्याच्यासाठी तिच्यावर पैसे घालवू नयेत.

दुकानात दोन बॅटची तुलना करायला यंत्र लागत नाही. गाठीपासून सहा इंचांवर बॅट एका पातळ सळईवर किंवा दोरीच्या फासात अडकवावी, घड्याळाच्या लंबकासारखे हलके झोके द्यावेत आणि दहा झोक्यांचा वेळ मोजावा. 33 इंची प्रौढांच्या बॅटला एका पूर्ण झोक्याला दीड सेकंद लागतो, लहान बॅटला थोडा कमी. स्विंग वेट हे झोक्याच्या वेळेचा वर्ग, बॅटचे वजन आणि टांगलेल्या जागेपासून गुरुत्वमध्याचे अंतर यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. गुरुत्वमध्य बॅट बोटावर तोलून सापडतो. तीनही आकड्यांचा गुणाकार ज्या बॅटचा कमी, ती फिरवायला हलकी, मग तराजूवर दोघी सारख्या भरोत. लिटल लीगमध्ये 2018 पासून यूएसए बेसबॉलचे मानक लागू आहे, त्यामुळे तो शिक्का आहे की नाही हे आधी पाहावे. या मानकामुळे पोकळ धातूच्या किंवा कंपोझिट बॅटची उसळी लाकडाच्या जवळ आणून ठेवलेली आहे, तेव्हा महागड्या बॅटकडून चमत्काराची अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

जाता जाता एक. बॅटवर ‘डोनट’ नावाचे जड कडे चढवून स्विंग करण्याची पद्धत डावाच्या आधी सर्रास दिसते. कडे टोकाकडे असल्याने स्विंग वेट खूप वाढते, ते काढल्यावर बॅट पिसासारखी हलकी वाटते आणि मुलाला आपण वेगात फिरवत आहोत असे वाटू लागते. मोजून पाहिले तर लगेच नंतरच्या स्विंगचा वेग उलट थोडा कमी भरतो आणि हालचालींचा क्रमही बदललेला असतो. प्लेटवर जाण्याआधी ज्या बॅटने खेळायचे तिनेच चार-सहा स्विंग करावेत.